दूरध्वनीवरून धीर देताना
मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा दुःखिताच्या घरी जाऊन बसणे अशक्य झाले. अनेकांना दूरध्वनीचाच आधार उरला. दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही. म्हणून समुपदेशकाने प्रथम शांतपणे ऐकावे. मध्ये स्तब्धता आली तरी घाईने उपदेश करू नये. 'सर्व ठीक होईल' असे म्हटल्याने दुःख हलके होत नाही. बोलणे मात्र खुंटते. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. होकार आल्यास संभाषण तोडू नये व त्याच्या जवळच्या माणसास बोलावून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य मिळते. शिक्षकांनी हा क्रमांक पालकांस अवश्य सांगावा.