रोहितचं ऊन

‘क्रिश ३’चं नाव काढलं की माझ्या ओळखीतले बहुतेक जण नाक मुरडतात. मी आजही त्याच्या बाजूने भांडतो. मालिकेचा उशिराचा भाग कसा बघावा, हे मला या सिनेमाने शिकवलं.

१. आधी पहिला भाग पुन्हा बघावा. ‘कोई... मिल गया’ २००३चा, ‘क्रिश’ २००६चा आणि तिसरा थेट १ नोव्हेंबर २०१३ला, ऐन दिवाळीत. एवढ्या वर्षांत डोक्यात मुखवटा आणि उड्या तेवढ्या उरतात. मालिकेचा जीव मात्र उन्हात आहे. पहिल्या भागात रोहितला भेटलेल्या परग्रहवासी जादूला शक्ती मिळते ती सूर्यप्रकाशातूनच.

२. गोष्ट कोणाची, ते ओळखावं. पोस्टरवर क्रिश, म्हणजे मुखवट्यामागचा कृष्णा, पण हा सिनेमा त्याच्या बापाचा, रोहितचा. पिकल्या केसांचा, चष्मा लावलेला रोहित प्रयोगशाळेत मेलेल्या रोपावर उन्हाची ऊर्जा सोडतो. रोप तरारतं आणि लगेच पेटतं, कारण ऊर्जा पेलवत नाही. पुढे खलनायक काल कृष्णाला ठार करतो, तेव्हा हाच फसलेला प्रयोग रोहित मुलावर करतो आणि जास्तीची ऊर्जा स्वतःच्या अंगावर घेतो. मुलगा उठतो, बाप जातो. प्रत्यक्षात असं होत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’वर वाढलेला मी विज्ञानकथेकडे एकच मागतो: घातलेला नियम शेवटपर्यंत पाळा. इथे तो पाळलाय. शिवाय काल जन्मलाय तोही रोहितच्याच पेशींतून, दुसऱ्या भागातल्या खलनायकाच्या, डॉ. आर्यच्या कैदेत. म्हणजे दुसऱ्या भागातल्या कैदेचा हिशेब तिसऱ्यात चुकता होतो. हृतिक रोशनने केलेल्या कामांत मला हा म्हातारा रोहित सगळ्यात जवळचा.

३. उसनवारी दिसली की बोलावं. खुर्चीला खिळलेला काल, त्याचे माणूस आणि प्राणी मिसळून घडवलेले मानवर, रूप बदलणारी काया, सगळ्यांवर ‘एक्स-मेन’ची छाप आहे. इमारतींची पडझड लांबते, गाणी वेग मोडतात. कंगना राणावतची काया मात्र उसनी वाटत नाही.

४. मत बनवायची घाई करू नये. मुंबईत सिनेमा बघून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरली. तासाभराचं पाणी. मी शेवटाचं कौतुक करत होतो. धाकटी बहीण बराच वेळ गप्प होती. मोरा बंदर दिसू लागलं तसं म्हणाली, “दादा, मग जादू का नाही आला? मित्र होता ना त्याचा?” ओहोटी होती, लाँच गाळ चुकवत हळूहळू धक्क्याला लागली, तरी मला उत्तर सुचलं नाही. समीक्षकांच्या सगळ्या तक्रारींपेक्षा हीच मला खरी वाटते. रोहितचं अख्खं आयुष्य बदलणारा तो पाहुणा, आणि रोहितच्या मरणाची त्याला खबरही नाही.

५. पुढच्या भागाकडे नेमकं मागावं. ‘क्रिश ४’चं दिग्दर्शन हृतिकच करणार, असं मार्च २०२५मध्ये जाहीर झालं. शहर पुन्हा पाडून दाखवू नका. तिसऱ्याच्या शेवटी कृष्णा आणि त्याच्या बायकोच्या, प्रियाच्या बाळाचं नाव रोहित ठेवलंय. त्या पोराला आजोबांच्या प्रयोगशाळेत न्या, आणि जादूला आणायचंच असेल तर आधी त्याला रोहितबद्दल विचारू द्या.