नंदी मागे का?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे. पिंड जमिनीखाली आहे. खाली उतरताना वाकावे लागते. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

सगळीकडे नंदी महादेवासमोर असतो, इथं मात्र देवळाच्या मागे आहे. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "आपल्या नर्सीचे नामदेव महाराज दारासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं. ते देवळामागं जाऊन गाऊ लागले. तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं! नंदी राहिला तिथंच."

नामदेवांचा जन्म १२७० चा. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत.

आम्ही नंदीजवळच बसून भाकर खाल्ली. आम्हाला कुणी उठवलं नाही.