दुपारच्या डब्यातली मऊ भाकरी

तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी मऊ लागतेच. तिची खरी परीक्षा दुपारी, डबा उघडल्यावर होते. न्हावा शेवा बंदराच्या भोवतालच्या गावांत ही परीक्षा रोज घरोघर चालते. बंदरात, कंटेनरच्या गोदामांत, ट्रेलरवर काम करणारी माणसं पहाटेच पहिल्या पाळीला निघतात आणि अंधारात थापलेली भाकरी त्यांच्या तोंडी पडते ती काही तासांनी. आमच्या आगरी-कोळी घरांत ती भाकरी तांदळाची असते. मऊ ठेवायला हीच सगळ्यांत अवघड, कारण गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लूटेन तांदळात नसतं. आई, सासूबाई आणि शेजारणी यांच्या हाताखाली मी शिकले. पुढे मुलीला, सुनेला आणि घाटावरून नोकरीसाठी इथे आलेल्या कितीतरी जणींना शिकवलं. मऊपणा म्हणजे पिठाच्या आत टिकून राहिलेलं पाणी, एवढी एक गोष्ट त्या सगळ्यातून मनात पक्की झाली. तांदूळ निवडण्यापासून डबा भरेपर्यंतची प्रत्येक पायरी हे पाणी आत नेण्यासाठी किंवा आत राखण्यासाठी असते.

१. आधी तांदूळ ओळखा.

पूर्वी इथे भाकरीचा तांदूळ घरच्या शेतातला असे. तो कुठल्या खाचरातला, गोड्या जमिनीतला की खाऱ्या, नवा की गेल्या सालचा, हे घरातल्या बाईला पाठ असे आणि त्यावर ती पाण्याचा अंदाज बांधत असे. खाऱ्या जमिनीत तगणारं भात ही या किनाऱ्याची ओळख; पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशाच जमिनींसाठी पनवेल १, २ आणि ३ हे वाण काढले. मग बंदरासाठी जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. जुनं शेवा गावही उठलं. तिथली माणसं नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. शेतं गेली आणि तांदूळ दुकानातल्या गोणीतून येऊ लागला. गोणीतल्या तांदळाचं वय आणि वाण कोणी सांगत नाही.

म्हणून नवी गोणी आली की मी आधी मूठभर तांदळाचा भात शिजवते आणि पूर्ण गार होऊ देते. गार शीत बोटांत दाबून बघायचं. ते टणक, सुटं लागलं तर त्या तांदळाची भाकरीही दुपारपर्यंत टणक होणार. तांदळाच्या पिष्टमय भागात अमायलोज नावाचा एक घटक असतो. तो जितका जास्त, तितका भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर तितकाच ताठर. अशा तांदळात चौथा हिस्सा इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ घालून दळावा. निव्वळ इंद्रायणीचं पीठ मात्र हाताला फार चिकटतं आणि थापताना त्रास देतं.

२. दळणात घाई करू नका.

तांदूळ दोन-तीन पाण्यांतून धुवावा, चाळणीत निथळावा आणि सावलीत फडक्यावर वाळवावा. धुतलेल्या तांदळाचं पीठ बारीक आणि पांढरंशुभ्र येतं. चक्कीवाल्याला सांगून ते तांदळाच्या दळणावरच दळून घ्यावं. आधीचं गहू-बाजरीचं पीठ मिसळलं की पाण्याचा अंदाज चुकतो आणि भाकरीचा रंगही जातो. दळून आणलेलं पीठ गरम असतं. डब्यात तसंच कोंबलं तर आतल्या वाफेने दमट होऊन गुठळ्या धरतं. परातीत पसरून गार झालं की मगच डब्यात भरावं. खाडीकाठच्या दमट हवेत पीठ टिकत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे पुरेल इतकंच दळावं. फार जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते. कितीही मळलं तरी उंडा चिरतो.

३. उकडीशिवाय मऊ भाकरी नाही.

मऊपणाचा मोठा वाटा इथे ठरतो. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी हे सुरुवातीचं माप. जुन्या तांदळाचं पीठ त्याहून थोडं जास्त पाणी पितं, नव्याचं थोडं कमी. पाण्यात चिमूटभर मीठ घालावं आणि त्याला खळखळून उकळी येऊ द्यावी. आई म्हणायची, "पानी पुरता उकलू दे, मंगच पिठाला हात लाव." त्यात मोठं शहाणपण होतं. पिठातले कण पाणी शोषून फुगायला साधारण ६५ ते ८० अंश सेल्सियस उष्णता लागते. कोमट पाण्यात पीठ नुसतं भिजतं, आतून शिजत नाही. ग्लूटेन नसलेल्या तांदळात एकमेकांना धरून ठेवण्याचं काम हे शिजलेलं पीठच करतं.

उकळत्या पाण्यात पीठ एकदम घालावं, उलथन्याच्या दांड्याने दोन-चार वेळा हलवावं, गॅस बंद करावा आणि झाकण लावून पाच ते दहा मिनिटं मुरू द्यावं. कोरडं पीठ राहिलेलं दिसलं तरी घाबरू नये, आतल्या वाफेने ते भिजतं. या वेळात झाकण उघडून बघण्याचा मोह टाळावा; निघून जाणारी प्रत्येक वाफ म्हणजे भाकरीतून कमी झालेलं पाणी.

४. चपातीला विश्रांती द्या, भाकरीला नाही.

घाटावरून आलेल्या बहुतेक जणींना सुरुवातीला हाच फरक सांगावा लागतो. गव्हाची कणीक मळून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवली की ग्लूटेनचा ताण सैल होतो, चपाती सहज लाटली जाते आणि मऊ होते. तांदळाची उकड ठेवून दिली की उलटं घडतं. ती गार होता होता घट्ट होत जाते आणि कडांना भेगा पडतात.

म्हणून उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच परातीत काढावी. आधी वाटीच्या बुडाने किंवा तांब्याने रगडावी, मग थंड पाण्यात हात बुडवून तळव्याच्या गादीने मळावी. एकदाच सगळं पाणी ओतू नये, हाताला लागलेलं पाणी पुरतं. गुठळी राहता कामा नये. लिंबाएवढा गोळा करून दोन तळव्यांत दाबून बघावा. कडेला चीर पडली तर अजून ओला हात लावून मळायचं. कड गुळगुळीत राहिली तर पीठ तयार. बाकीचं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून एकेक उंडा घ्यावा. ज्वारीच्या पिठाची विरी गेली असेल तर त्यालाही उकळत्या पाण्याचा असाच आधार देता येतो.

५. थापताना कडेकडे लक्ष द्या.

आमच्याकडे भाकरी हातावर थापतात. ओल्या तळव्यांवर उंडा एका हातातून दुसऱ्या हातात फिरत जातो आणि प्रत्येक फेरीत पसरत जातो. कोरडं पीठ लागत नाही, हेच या पद्धतीचं मोठं बळ. वरून लावलेलं कोरडं पीठ भाकरीतलं पाणी ओढून घेतं आणि तव्यावर करपतं. नव्या हातांनी थेट तळव्यावर सुरुवात करू नये. परातीत पाण्याचा हात फिरवून त्यावर थापावी, किंवा प्लास्टिकच्या जाड कागदावर थापून अलगद तव्यावर उलटावी. उकड चांगली झाली असेल तर ती पोळपाटावर हलक्या हाताने लाटताही येते, आणि तशी केली म्हणून भाकरी कमी प्रतीची ठरत नाही.

कड मधल्या भागापेक्षा पातळ होऊ देऊ नये. पातळ कड आधी वाळते आणि दुपारी डबा उघडल्यावर तीच पहिल्यांदा मोडते. डब्याची भाकरी ताटातल्या भाकरीपेक्षा किंचित जाड ठेवावी. बोंबलाचं किंवा चिंबोरीचं पातळ कालवण असेल तर जाड भाकरी ते नीट पिते. सुक्या जवल्याबरोबर पातळ बरी.

६. तवा तापलेला असू द्या, आच मोठी ठेवा.

मंद आचेवर मऊ भाकरी होईल, हा समज मी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात पाहिला. मंद आचेवर भाकरी जास्त वेळ तव्यावर राहते आणि तिच्यातलं पाणी हळूहळू उडून जातं. तवा तापलेला असला की पृष्ठभाग झटकन धरतो, आतलं पाणी आत अडकतं आणि त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो तो त्यामुळे. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो तव्यावर नाचला की तवा तयार समजावा.

मातीची खापरी मिळाली तर जरूर वापरावी. ती तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की सगळीकडे सारखी उष्णता देते. चुलीवर तिच्यासारखं काही नाही. गॅसवर जाड लोखंडी तवा उत्तम.

७. उलटण्याची वेळ पाण्यावरून ठरवा.

भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवावा, कडेपर्यंत. त्या पाण्यामुळे वरची बाजू वाळून तडकत नाही. हे पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी भाकरी उलटावी. उशीर झाला तर पांढरे कोरडे डाग पडतात आणि तिथूनच भेग जाते. दुसरी बाजू नीट भाजू द्यावी, तिच्यावर बारीक तांबूस ठिपके यायला हवेत. मग पुन्हा उलटून फडक्याने कडा हलकेच दाबाव्यात किंवा भाकरी थेट जाळावर धरावी.

डब्याच्या भाकरीसाठी जाळाचा नियम वेगळा आहे. फुगली की लगेच काढायची. ताटात वाढायची भाकरी खरपूस चालते, पण तेवढ्या खरपूसपणासाठी जे पाणी जातं ते दुपारी कमी पडतं.

८. डबा भरण्याआधी वाफ जाऊ द्या.

पहाटेच्या घाईत गरम भाकऱ्या थेट स्टीलच्या डब्यात गेल्या की झाकणाला पाणी धरतं. ते खाली ठिबकून वरची भाकरी गिचगिची होते. उघड्यावर फार वेळ ठेवल्या तर त्या वाळतात. मधला मार्ग असा : तव्यावरून काढलेली भाकरी बांबूच्या टोपलीत किंवा जाळीवर मिनिट-दोन मिनिटं टेकवावी, जोराची वाफ गेली की कोमट असतानाच सुती फडक्यात गुंडाळावी. सगळ्या भाकऱ्या एकमेकींवर ठेवून फडकं घट्ट लपेटावं आणि मग डबा बंद करावा. फडकं जादा ओल टिपतं आणि भाकरीपुरती ओल आत राखतं.

उरलेली भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. शिजलेलं पीठ गार होताना पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि फ्रिजच्या थंडीत ही क्रिया सर्वांत वेगाने होते. संध्याकाळपर्यंत फडक्यात ठेवावी. खाताना दोन्ही बाजूंना पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर गरम करावी किंवा चाळणीवर वाफवावी. उष्णता आणि ओल एकत्र मिळाली की तिचा मऊपणा बराचसा परत येतो, पण ती लगेच खावी.

९. मऊ भाकरी हवी असेल, तर घरातल्या सगळ्यांचे हात हवेत.

वर लिहिलेली प्रत्येक पायरी वेळ मागते, आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो. पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठते, गरम उकडीत हात घालते, तव्यापाशी उभी राहते आणि पुष्कळदा स्वतःही कामाला जाते. बचत गटांतल्या बायका आता भाकऱ्या करून विकतात, तेव्हा निदान त्या कष्टाला किंमत मिळते. घरातल्या भाकरीला ती मिळत नाही. माझं ठाम मत आहे की डबा नेणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, उकड काढता आणि मळता आलीच पाहिजे. मळायला जोर लागतो आणि तो तरुण हातांत असतो. माझ्या घरी मुलगा उकड मळतो, सून थापते, मी तवा सांभाळते. तिघांत मिळून भाकऱ्या कधी संपतात ते कळत नाही.

शिकायचं असेल तर वाटीभर पिठापासून सुरुवात करा, सुट्टीच्या दिवशी, वेळ हाताशी असताना. ज्या घरात अजून हातावर भाकरी थापणारी आई, आजी किंवा काकू आहे, तिथे तिच्या शेजारी उभं राहून शिका आणि पिठात स्वतःचा हात घाला. पाणी किती, हे मापाने अर्धंच कळतं. उरलेलं तिने तुमचा गोळा दाबून "अजून थोडा ओला हात लाव" असं सांगितल्यावर कळतं. शेतं परत येणार नाहीत. हा हात मात्र पुढच्या पिढीला देणं आपल्या हातात आहे, आणि ते याच वर्षी सुरू करायला हवं.