उंची थांबली म्हणजे मुलगी मोठी झाली का?

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची आहे. पाळी 13व्या वर्षी आली, आता उंची वाढत नाही. सासूबाई म्हणतात, वाढ झाली, स्थळं बघायला घ्या. खरंच वाढ संपली का?
– एक आई, सावर्डे

उत्तर : नाही, ताई. लांब हाडांच्या टोकांची कूर्चा हाडात बदलली की उंची थांबते, पण हाडं भरण्याचं काम त्यानंतरही काही वर्षं चालतं. ओटीपोटाचा हाडांचा सांगाडाही उंची थांबल्यावर रुंदावत राहतो, आणि बाळंतपणात खरा कस त्याचाच लागतो. आवेग आवरून पुढचा विचार करणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो.

हा संथपणा माणसाच्या उत्क्रांतीतूनच आला आहे. चिंपांझीची मादी साधारण 13-14व्या वर्षी पहिल्यांदा विते. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत मात्र बाईचं पहिलं मूल बहुधा 19च्या आसपास होतं. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. त्या मधल्या काळात मुलगी माणसांत वावरायला आणि कामं करायला शिकते. तो काळ तिचा आहे, तो कापू नका.

लग्नाला कायद्याने 18 पूर्ण हवीतच. माझ्या मते तेही लवकरच. तुमच्या शेजारी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा अभ्यास हाती घेतला आहे. तिथे तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, चालत असेल तर सुकट रोजच्या जेवणात असू द्या, आणि बारावीनंतर काय शिकायचं ते तिलाच विचारा.