चित्रफितीची लिपी

शाळेचे स्नेहसंमेलन असो, घरचे मंगलकार्य असो किंवा गावची जत्रा असो, त्याची चित्रफीत घेतली गेली नाही असे आता क्वचितच घडते. ती संगणकावर नीटनेटकी केली जाते आणि दूरच्या आप्तेष्टांना धाडली जाते. मग कोठून तरी निरोप येतो, "आवाज ऐकू येतो, पण चित्र दिसत नाही." अशा वेळी दोष बहुधा चित्रण करणाराचाही नसतो आणि पाहणाराचाही नसतो, तो 'कोडेक'च्या निवडीत असतो. ही निवड डोळसपणे कशी करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कोडेक म्हणजे चित्रांची माहिती संक्षिप्त संकेतांत लिहिणारी व ते संकेत पुन्हा उलगडणारी योजना. तिची गरज का पडते, हे साध्या गणिताने कळेल. १९२० आडव्या व १०८० उभ्या बिंदूंच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. रंगांची नोंद नेहमीच्या काटकसरीने केली तरी प्रत्येक बिंदूस सरासरी दीड बाइट लागतो. म्हणजे एका चित्रास ३१,१०,४०० बाइट झाले. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका मिनिटास सुमारे ४६६ कोटी बाइट लागतील. ४७० कोटी बाइट मावणारी डीव्हीडी अवघ्या मिनिटभरात भरून जाईल!

यावर तोड निघाली ती निरीक्षणातून. रंगमंचावर नट बोलत असताना मागचा पडदा हालत नाही. मग तो प्रत्येक चित्रात नव्याने कशाला लिहावा? मधूनमधून एखादे चित्र पूर्ण लिहावयाचे व पुढील चित्रांत केवळ झालेला बदल नोंदवावयाचा, हे या विद्येचे मुख्य सूत्र आहे.

हे संकेत म्हणजे एक प्रकारची लिपीच होय. आम्हा कोंकणी भाषकांना हा दृष्टान्त फार जवळचा आहे. आमची भाषा कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमी लिपीत, तर कोणी कन्नड लिपीत. बोल तेच, पण लिपी न जाणणाऱ्याच्या हाती ते पत्र मुकेच राहते. चित्रफितीचेही तसेच आहे. फाइलीच्या नावापुढील 'एमपीफोर' ही अक्षरे म्हणजे केवळ वरचे पाकीट. आतील चित्रे कोणत्या लिपीत लिहिली आहेत, हे पाकिटावरून कळत नाही. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन फाइलींपैकी एक उघडते व दुसरी उघडत नाही.

या लिप्यांच्या पिढ्या आहेत. एच.२६४ हे प्रमाण २००३ साली सिद्ध झाले. २०१३ साली एच.२६५ आले, त्यात तेवढ्याच प्रतीचे चित्र सुमारे निम्म्या जागेत बसविण्याचा हेतू होता. २०१८ साली एव्ही-वन प्रसिद्ध झाले. नव्या पिढीत जागा वाचते. परंतु लिहिण्यास व उलगडण्यास अधिक आकडेमोड करावी लागते आणि जुन्या यंत्रांना ती लिपी मुळीच येत नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा. लिपीची आवृत्ती वेगळी आणि लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी. एच.२६४ हे प्रमाण संकेत कसे उलगडावेत एवढेच ठरवून देते. ते कौशल्याने कसे लिहावेत, हे लिहिणाऱ्यावर सोपविते. म्हणून 'एक्स२६४' या लेखन-साधनाची नवी आवृत्ती घेतली तरी तिने लिहिलेली फीत जुने यंत्र वाचू शकते. अट एवढीच की, त्या यंत्राला पेलणारी मर्यादा पाळली पाहिजे.

ही मर्यादा 'प्रोफाइल' व 'लेव्हल' या दोन शब्दांनी सांगतात. बेसलाइन, मेन व हाय ही प्रोफाइलची नावे कोणत्या लेखनयुक्त्या वापरल्या आहेत ते दर्शवितात. लेव्हल किती भार आहे ते दर्शविते. १९२० गुणिले १०८० बिंदूंची चित्रे सेकंदाला २५ वा ३० असली, तर लेव्हल ४.० पुरते, तीच ५० झाली, तर ४.२ लागते. शिवाय रंगाची खोली ८ बिटांची ठेवावी. १० बिटांची एच.२६४ फीत अनेक दूरचित्रवाणी संचांवर व फोनांवर चालत नाही.

दुसरी बाजू संगणकातील जुळणीची. विंडोजवरील जुन्या पद्धतीच्या संपादन-सॉफ्टवेअरला कोडेक बाहेरून जोडावा लागतो. सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असेल, तर संगणक ६४ बिटांचा असूनही कोडेक ३२ बिटांचाच हवा. नाहीतर यादीत त्याचे नावही दिसत नाही. एफएफएमपेगसारखे साधन एक्स२६४ची जी आवृत्ती जोडून बांधले असेल, तिच्याऐवजी भलतीच आवृत्ती बसविली, तर ते सुरूच होत नाही. यासाठी सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा, ज्यात कोडेक अंतर्भूत आहे असे हँडब्रेकसारखे सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहून घेणे श्रेयस्कर.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढील क्रम लक्षात ठेवावा. प्रथम, फीत पाहणाऱ्यांपैकी सर्वांत जुने यंत्र कोणाचे आहे, ते विचारावे. ते ठाऊक नसेल, तर एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.०, ८ बिट आणि एमपीफोरचे पाकीट निवडावे. यंत्र फारच जुने असेल, तर मेन किंवा बेसलाइन घ्यावे. सर्व फीत लिहून काढण्यापूर्वी अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाठवून पडताळा घ्यावा. आणि मूळ चित्रण कधीही पुसून टाकू नये. कारण दर पुनर्लेखनात चित्राचा काही अंश कायमचा नष्ट होतो.

जुन्या दप्तरांत मोडीतील कित्येक कागद आज वाचकाची वाट पाहत पडले आहेत. ते लिहिणाऱ्यांना, पुढील पिढ्या ही लिपी विसरतील, अशी कल्पना नसेल. आपणांस मात्र ती आहे. आजीचा आवाज, गुरुजनांचे बोल आणि सवंगड्यांचे हसू ज्या संकेतांत आपण साठवितो, ते उद्या वाचणारा कोणी असेल ना, हा प्रश्न लिहितानाच विचारावयास हवा. नवी लिपी शिकण्याची हौस अवश्य असावी. पण पत्र लिहावे ते वाचणाऱ्याला येणाऱ्या लिपीतच.