संशोधक विद्यार्थ्याची घडण आणि कृष्णविवरांचे तापमान

संशोधनाच्या शिक्षणाचा खरा कस विद्यार्थ्याने किती ज्ञान संपादन केले यावरून ठरत नाही. ज्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही, अशा प्रश्नाला तो भिडू शकतो की नाही, यावरून तो ठरतो. कृष्णविवरांच्या अभ्यासाच्या इतिहासात याचा एक बोधप्रद दाखला आढळतो.

ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही निसटू शकत नाही, ते कृष्णविवर होय. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात प्रा. जॉन व्हीलर यांनी जेकब बेकेनस्टाइन या आपल्या विद्यार्थ्यापुढे एक कोडे ठेवले. गरम चहाचा प्याला थंड प्याल्याशेजारी ठेवला की उष्णता एकातून दुसऱ्यात जाते आणि विश्वातील अव्यवस्था वाढते. ही एकूण अव्यवस्था कधीही घटत नाही, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. परंतु ते प्याले कृष्णविवरात टाकले तर वाढलेल्या अव्यवस्थेचा मागमूसही उरणार नाही. मग त्या नियमाचे काय?

काही महिन्यांनी बेकेनस्टाइन यांनी उत्तर आणले. कृष्णविवराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये दाखविले होते. हे क्षेत्रफळच कृष्णविवरातील अव्यवस्थेचे माप आहे, असे बेकेनस्टाइन यांनी प्रतिपादन केले.

या कल्पनेला मोठा विरोध झाला. अव्यवस्था मानली की तापमान मानावे लागते आणि तापमान असलेली वस्तू प्रारण बाहेर टाकते. कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही, असा आक्षेप होता. विरोधकांत स्वतः हॉकिंगही होते. व्हीलर यांनी मात्र कल्पना विलक्षण वाटूनही विद्यार्थ्याला पाठबळ दिले. बेकेनस्टाइन यांना १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

हॉकिंग यांनी पुढे कृष्णविवराच्या सीमेलगतच्या प्रदेशाला पुंजयामिकीचे नियम लावून गणित केले. कृष्णविवर खरोखरच प्रारण बाहेर टाकते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. विरोधकाच्याच गणिताने विद्यार्थ्याचे म्हणणे उचलून धरले. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे हे तापमान एका केल्विनच्या दीड कोटीव्या भागाहूनही कमी भरते. अवकाशातील पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान सुमारे २.७ केल्विन असल्याने अशा कृष्णविवराचे प्रारण प्रत्यक्ष टिपता आलेले नाही.

महाराष्ट्रातही या विषयाची परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविलेल्या थनू पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षण आणि उष्मागतिकी यांच्या संबंधांवर पुण्याच्या ‘आयुका’मध्ये दीर्घकाळ संशोधन केले. विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थ्यांना संशोधनाच्या सोयी मिळाव्यात, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. मार्गदर्शकाने उत्तर न सांगता सकस प्रश्न द्यावा, विद्यार्थ्याला विचारासाठी अवधी द्यावा आणि कल्पना रूढ मताविरुद्ध आहे एवढ्यावरून ती नाकारू नये. विद्यार्थ्यानेही आक्षेपाला भिऊ नये. कारण प्रामाणिकपणे घेतलेला आणि गणिताने तपासलेला आक्षेपच अखेर सत्याला बळकटी आणतो.