एका लेंकराची भीति व एका ग्रंथकाराचें उत्तर



इ. स. १९५५ मध्यें अमेरिकेंतील एका आईनें इंग्लंडांतील सी. एस्. लुइस नांवाच्या ग्रंथकारास पत्र पाठविलें. तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. लुइस साहेबांनीं मुलांसाठीं लिहिलेल्या अद्भुत कथा त्यानें मोठ्या आवडीनें वाचल्या होत्या, आणि आतां तो मनांत फार घाबरला होता. कथेंतील आस्लान नामक सिंहावर आपली प्रीति प्रभु येशूपेक्षां अधिक जडली आहे. तेव्हां आपण मूर्तिपूजक तर झालों नाहीं ना, ही त्याची चिंता होती.

ज्यांच्या आईबापांनीं घरांतील देव्हारा सोडून बाप्तिस्मा घेतला, त्या वाचकांना या प्रश्नाचें हसूं येणार नाहीं. पहिल्या आज्ञेचा धाक काय असतो हें आपण जाणतों.

आधीं कथा समजून घेऊं. १९५० पासून १९५६ पर्यंत नार्निया नांवाच्या कल्पित देशाविषयींचीं सात पुस्तकें छापून निघालीं. पहिल्या पुस्तकांत चार भावंडें कपड्यांच्या कपाटांतून त्या देशांत शिरतात. तेथें एका दुष्ट चेटकिणीनें कधीं न सरणारा हिंवाळा आणिला आहे. भावंडांतील एडमंड हा मिठाईच्या लोभानें आपल्याच माणसांचा विश्वासघात करतो, आणि त्या देशाच्या जुन्या नियमाप्रमाणें त्याचा प्राण चेटकिणीच्या हक्काचा होतो. तेव्हां आस्लान त्याच्या ऐवजीं स्वतःस मरणास देतो, आणि पुन्हां जिवंत होतो. शुभवर्तमान ऐकलेल्या माणसास याहून अधिक सांगणें नको. प्रकटीकरणाच्या पांचव्या अध्यायांत प्रभूस कोणत्या प्राण्याचें नांव दिलें आहे, तें धर्मशिक्षकांनीं येथें काढून पाहावें.

लुइस मात्र या कथेस रूपक म्हणत नसत. मेरीलँड प्रांतांतील एका शाळेच्या पांचवीच्या वर्गास त्यांनीं १९५४ मध्यें हें उलगडून सांगितलें. नार्नियासारखा देश खरोखर असता, आणि देवाचा पुत्र जसा आमच्या जगांत मनुष्य झाला तसा तेथें सिंह झाला असता, तर काय घडलें असतें, एवढीच आपण कल्पना केली, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता.

आतां त्या आईस ६ मे १९५५ रोजीं लिहिलेलें उत्तर पाहूं. लुइस म्हणतात, मुलास कांहींही वाटो, आस्लानवर येशूपेक्षां अधिक प्रीति करणें त्यास शक्यच नाहीं; कारण ज्या कृत्यांमुळें व ज्या शब्दांमुळें तो सिंह त्यास प्रिय झाला, तीं कृत्यें व ते शब्द मुळांत येशूचेच आहेत. मग राहिली एकच गोष्ट. लहान मुलास मनुष्यदेहापेक्षां सिंहाचा देह अधिक आवडत असेल. असेना का! लेंकराचें मन देवानेंच घडविलें. तें कसें चालतें हें त्यास ठाऊक आहे, व तो यावरून रागावणार नाहीं. मूल मोठें झालें म्हणजे ही आवड आपोआप मागें पडेल.

उत्तर देण्याच्या दोन सोप्या वाटा होत्या. ही नुसती गोष्ट आहे, घाबरूं नकोस, असें म्हणतां आलें असतें; किंवा पुस्तक मिटून ठेव असें सांगतां आलें असतें. पहिल्या वाटेनें मुलाच्या भक्तीची थट्टा झाली असती, दुसरीनें त्याची भीति खरी ठरली असती. नाथान संदेष्ट्यानें दाविदास गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां दाविदाचा संताप कल्पित मेंढीसाठीं होता कीं खऱ्या अन्यायासाठीं? शब्बाथशाळेच्या वर्गांत हा प्रश्न अवश्य विचारावा.

त्या मुलासाठीं लुइस यांनीं एक प्रार्थनाही सुचविली. माझ्या भावनेंत कांहीं वाईट असेल तर तें काढून टाक, आणि नसेल तर माझी चिंता दूर कर, असा तिचा आशय होता. मुलाची इच्छा असल्यास त्यानें शेवटीं लुइस यांच्याकरितांही मागावें: त्यांच्या पुस्तकांनीं इतर मुलांना त्रास किंवा अपाय झाला असेल तर त्यांस क्षमा कर, आणि पुन्हां तसें त्यांच्या हातून होऊं देऊं नको. छप्पन्न वर्षांचा, केंब्रिज विद्यापीठांतील प्राध्यापक, नऊ वर्षांच्या मुलाजवळ प्रार्थनेची मागणी करीत आहे! आम्हां पाळकांपैकीं कितीजण असें करितील?

लुइस यांची आई १९०८ मध्यें वारली तेव्हां ते स्वतः नऊच वर्षांचे होते. ती बरी व्हावी म्हणून त्यांनीं प्रार्थना केली होती. पुढें तरुणपणीं त्यांचा विश्वास सुटला, तो १९३१ पर्यंत. त्या वयाच्या मुलाचें मन किती नाजूक असतें हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती, असें मला वाटतें.

आलेल्या पत्रांस उत्तर देणें हें ते आपलें कर्तव्य मानीत. ते दौतींत टांक बुडवून लिहीत, आणि पुष्कळ उत्तरें त्यांचे बंधु वॉरन टंकलेखन करून देत. अमेरिकेंतील एका मुलीशीं त्यांचा पत्रव्यवहार १९५४ पासून १९६३ पर्यंत चालला. तिला त्यांनीं भाषा साधी व अर्थ स्पष्ट ठेवण्याविषयीं नियम लिहून दिले, ते आमच्या उपदेशांनाही लागू पडतील. मुलांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा संग्रह १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला.

त्यांतील एक पत्र २६ आक्टोबर १९६३ चें, दुसऱ्या एका मुलीस लिहिलेलें आहे. नार्नियाच्या कथांमागील कथा तुला उमगली याचा आनंद वाटतो, असें लिहून ते म्हणतात कीं, मुलांना ती बहुतेक नेहमीं उमगते, मोठ्यांना क्वचितच. त्यानंतर चार आठवड्यांच्या आंत, २२ नोव्हेंबर रोजीं, ते आक्सफर्डजवळील आपल्या घरीं मरण पावले.